झाडांच्या रंगांत कापड रंगवताना या चुका टाळा

रंग उतरला, डाग पडले, की नवशिके फुलांना नाहीतर सालींना दोष देतात. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ कापडांत चूक रंगाची नसतेच. कापड नीट उकळलेलंच नसतं.

हे मी स्वतः भोगलंय. भाचीच्या हळदीसाठी आठ उपरणी करायची होती. कापड कोरी खादी, आणि शिमग्याच्या वेळी अंबाजोगाईच्या घाटातून वेचून वाळवलेली पळसाची फुलं घरात होती. चार दिवस हातात होते म्हणून खादी नुसती साबणाच्या पाण्यातून काढली आणि रंगात टाकली. पातेल्यात सगळं सुरेख केशरी दिसत होतं. दोरीवर वाळत घातल्यावर कळलं. जिथे खळ राहिली होती तिथे पांढरे पट्टे, घडीवर गडद रेघा. आठातली पाच उपरणी वाया गेली. लग्नघरात ती लपवताना झालेली जिवाची घालमेल अजून आठवते.

तेव्हापासून किलोभर सुती कापडाला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तास-दीड तास उकळते. पाणी चहासारखं होतं, ती त्या धाग्यातली घाण. मग कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच शोषला तर पुढे जायचं, थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळायचं. रेशमाला मात्र सोडा लावू नका, त्याची झळाळी जाते.

दुसरी चूक लोखंडाची. आपल्याकडे बोअरचं पाणी, त्यात गंजके पाइप, आणि वर कुणी लोखंडी कढई चुलीवर ठेवतं. डाळिंबाच्या सालींचा पिवळा अशाने शेवाळी-करडा होतो. पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाकून बघा. पाणी काळपट झालं तर त्यात लोह आहे, ते रंगाला घेऊ नका. मी पावसाचं पाणी पिंपात साठवते आणि स्टीलचंच पातेलं वापरते. काळा रंग हवा असेल तेव्हा गूळपाण्यात गंजके खिळे पंधरा-वीस दिवस मुरवते, पण त्याचं भांडं वेगळं.

सुती कापडाला रंग धरायला नुसती तुरटी पुरत नाही. आधी रात्रभर हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, पिळून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात. किलोला दोन्ही दीडशे-दीडशे ग्रॅम. हिरड्यानंतर कापड खळखळून धुतलंत तर सगळी मेहनत पाण्यात. रेशीम आणि लोकर थेट तुरटी घेतात. मीठ-व्हिनेगर घालून रंग ‘पक्का’ करण्याचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते, त्याने तुरटीचं काम होत नाही.

बीट कापडासाठी नाहीच. हळद उन्हात उडते, तुरटी लावली तरी.

लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठाच्या मुळांना खळखळा उकळी आली की लाल जाऊन तपकिरी येतो. बुडबुडे फुटायच्या आत आच कमी करा आणि तासभर पातेल्याजवळच बसा. घाई असेल त्यांनी त्या दिवशी मंजिष्ठा काढूच नये.

वाळवणं सावलीत, धुणं रिठ्याच्या पाण्यात. आणि रंगाच्या प्रत्येक खेपेआधी वीतभर तुकडा रंगवून, वाळवून, धुऊन बघा. माझ्या वहीत असे तुकडे टाचलेत, शेजारी तारीख आणि पाणी कुठलं तेही लिहिलेलं. वहीतल्या पळसाच्या रंगाच्या पानावर पहिला तुकडा त्याच वाया गेलेल्या उपरण्याचा आहे.