फूड डिलिव्हरी करणाऱ्यांनी इन्कम टॅक्स रिटर्न कसं भरायचं? (आर्थिक वर्ष 2025-26)

अ‍ॅपवरून जेवण पोहोचवणारा रायडर करापुरता कंपनीचा नोकर नसतो, स्वतःचा धंदा करणारा असतो. त्यामुळे त्याला फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मिळत नाही आणि पगारदारांची 75,000 रुपयांची प्रमाण वजावटही मिळत नाही. पेआउटमधून मात्र आयकर कायदा 1961 च्या कलम 194सी खाली 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला जातो. हा पैसा तुमच्या नावावर सरकारजमा असतो. कर लागतच नसेल तर तो सगळा परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच.

आधी अ‍ॅपमधल्या प्रोफाइलमध्ये पॅन बरोबर आहे का ते बघा. पॅन नसेल तर 1 ऐवजी 20 टक्के कापले जाऊ शकतात, आणि पॅन चुकीचा असेल तर कापलेली रक्कम तुमच्या खात्यात दिसतच नाही.

मग वर्षाची खरी कमाई काढा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण बहुतेक जण बँकेचं स्टेटमेंट उघडतात आणि जमा रकमा मिळवत बसतात. समजा आठवड्याचं पेआउट 8,000 रुपये झालं. त्याच आठवड्यात कॅश ऑर्डरचे 3,000 तुमच्या हातात आले. ते पैसे कंपनीचे, म्हणून ती तेवढे वळते करून बँकेत 5,000 पाठवते. तुमची कमाई 5,000 नाही, 8,000 आहे. याउलट कोणी ते 3,000 आपल्या खात्यात भरतो, शिवाय पेआउटचे 8,000 धरतो आणि कमाई 11,000 दाखवतो. तेही चूक. बॅग, टी-शर्ट, विमा यांचे पैसे कापण्याआधीचा आकडा धरायचा. इन्सेंटिव्ह आणि टिपही त्यात येतात. अ‍ॅपमधली आठवड्याची पेआउट स्टेटमेंट एप्रिल ते मार्च उतरवून ठेवा. अ‍ॅप सोडलं की ती हाताशी राहतीलच असं नाही.

हा आकडा आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरच्या फॉर्म 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएसशी (वर्षभरातल्या उत्पन्न-व्यवहारांचा गोषवारा) ताडून बघा. दोन अ‍ॅपवर काम केलं असेल तर दोन्हींच्या नोंदी धरा. एआयएसमधली नोंद चुकीची वाटली तर तिथेच फीडबॅक देता येतो.

आता नफा. कलम 44एडी (छोट्या धंद्यांनी अंदाजे नफा दाखवायची सोय) खाली हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के, बाकीच्यावर किमान 8 टक्के नफा दाखवायचा. रोख ऑर्डरमधून वळती झालेली रक्कम 8 टक्क्यांत धरलेली बरी. वर्षाची कमाई 3,60,000 आणि त्यातले 60,000 असे वळते झालेले असतील, तर 18,000 अधिक 4,800, म्हणजे किमान नफा 22,800 रुपये. पेट्रोल, सर्व्हिसिंग, मोबाइल रिचार्ज हे सगळं या पद्धतीत आधीच धरलेलं आहे. वेगळं वजा करता येत नाही.

पण 6 टक्के हा तळ आहे. पेट्रोल-दुरुस्ती जाऊन हातात 2,40,000 उरत असतील तर 2,40,000च दाखवा. आमचा हा आग्रह आहे, कारण नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर शून्य आहे आणि निवासी व्यक्तीच्या 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरचा कर कलम 87एच्या सवलतीने शून्य होतो. म्हणजे 22,800 दाखवा की 2,40,000, कापलेले 3,600 परत मिळणारच. फरक पडतो तो गाडीचं किंवा घराचं कर्ज मागताना: बँक रिटर्नवरचंच उत्पन्न बघते.

नोकरी सांभाळून संध्याकाळी डिलिव्हरी करत असाल तर दोन्ही एकाच रिटर्नमध्ये दाखवा. पगार 5,40,000 असेल तर त्यातून 75,000 वजा करा, मग डिलिव्हरीचा नफा, समजा 1,20,000, मिळवा. एकूण 5,85,000, कर शून्य.

फॉर्म निवडताना आयटीआर-1 घेऊ नका, त्यात धंद्याचं उत्पन्न बसत नाही. 44एडीसाठी आयटीआर-4, म्हणजे सुगम. मुदत चुकली आणि उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल तर 5 लाखांपर्यंत 1,000 आणि त्यापुढे 5,000 रुपये विलंब शुल्क लागतं. उशिराचं रिटर्नही 31 डिसेंबर 2026 पर्यंतच भरता येतं. "मोठा रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला लांबच ठेवा. थोडंफार व्याज सोडलं तर कापलेल्या टीडीएसपेक्षा जास्त पैसे परत येऊच शकत नाहीत, आणि खोट्या वजावटींची नोटीस तुमच्याच नावाने येते.

रिटर्न पाठवल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते भरलं असं धरलं जात नाही. बँक खातंही पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून घ्या. खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही की रिफंड तिथेच अडकतो.