कागद फाडल्यानं मुखत्यारपत्र रद्द होत नाही

माझ्या आत्यानं दिवाळीत कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे आपल्या वतीनं सगळे व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाची, आपल्याकडची प्रत फाडली आणि दिराच्या मुलाला सांगितलं, "उद्यापासून माझ्या व्यवहारात पडू नकोस." तिच्यापुरता विषय संपला होता. संक्रांतीच्या आधी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या तिच्या दोन एकरांवर एक अनोळखी माणूस टेप घेऊन उभा राहिला. त्याच्याकडे नोंदवलेलं साठेखत, म्हणजे जमीन विकायचा करार होता. सही त्याच मुलाची, 'कुलमुखत्यार' म्हणून, आणि तारीख दिवाळीनंतरची.

मी सोलापुरात ३१ वर्षं बँकेत नोकरी केली. असे कागद माझ्या टेबलावर रोज येत. तरी आत्याचा कागद मी कधी मागून वाचला नाही, आणि त्याचं दुःख मला अजून आहे. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून जे शिकले ते सांगते.

पहिला प्रश्न हा, की मुखत्यारपत्र खरंच लागतंय का? मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला, म्हातारी माणसं जुळे सोलापुरात एकटी, आणि कुणीतरी जवळचा म्हणतो, "एकदा सही करून ठेवा, उगाच धावपळ नको." बहुतेक कामं त्याशिवाय होतात. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरी येऊन सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दस्त नोंदवायला दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. अर्ज आणि फी भरून गृहभेट मागायची. 'आजींना कचेरीत नेता येत नाही' एवढ्या कारणासाठी कुलमुखत्यारपत्र देऊ नका.

द्यायचंच असेल तर कुलमुखत्यारपत्र नको, विशेष मुखत्यारपत्र द्या. म्हणजे एकाच कामापुरतं. भाडं गोळा करायचं असेल तर फक्त भाडं, आणि घराचा क्रमांक, खात्याचा क्रमांक लिहून. 'विक्री, गहाण, बक्षीसपत्र, साठेखत करण्याचा अधिकार नाही' हे वाक्य स्पष्ट घाला, गृहीत धरू नका. पैसे मालकाच्याच खात्यात जमा होतील, दर तीन महिन्यांनी लेखी हिशेब मिळेल, मुखत्याराला हा अधिकार तिसऱ्याला देता येणार नाही आणि अमुक तारखेला पत्र आपोआप संपेल, हेही लिहून घ्या. शक्य असेल तर दोघांना मिळून मुखत्यार नेमा, दोघांच्या सह्या लागतील असं. अस्सल कागद आपल्याकडे ठेवा.

मसुद्यात दोन शब्द बोट ठेवून शोधा: 'अपरिवर्तनीय' आणि 'मोबदला मिळाला'. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०२ प्रमाणे मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेला असेल, तर पत्र त्याच्या हिताला बाध येईल असं रद्द करता येत नाही. एक पैसाही न घेता लोक त्या वाक्याखाली सही करून बसतात. हे शब्द दिसले तर सही करू नका, कितीही जवळचा माणूस असो.

आत्याच्या बाबतीत आणखी एक घडलं. बँकेतला मोबाइल नंबर बदलला गेला होता. अर्जावर सही तिचीच होती, तिला वाटलं केवायसीचा कागद आहे. त्यानंतर मुदत ठेव मोडली तरी एकही मेसेज तिच्या फोनवर आला नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय हे आज जाऊन बघा, आणि महिन्याला पासबुक भरून आणा.

आता, गडबड झालीच तर काय करायचं?

त्याच दिवशी बँकेत जा. मुखत्याराचा अधिकार काढल्याचं मालकाच्या सहीचं पत्र शाखेला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, चेकबुक आणि एटीएम कार्ड बंद करा, नंबर बदला, गेल्या काही वर्षांचा खातेउतारा मागा. शिक्क्याशिवाय बाहेर पडू नका.

मग रद्दपत्र. मूळ पत्र नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. पण खरी मेख पुढे आहे. करार कायद्याच्या कलम २०८ नुसार अधिकार काढल्याचा परिणाम मुखत्याराच्या बाबतीत त्याला कळल्यावर आणि तिसऱ्या माणसाच्या बाबतीत त्या माणसाला कळल्यावर होतो. आत्यानं मुलाला सांगितलं होतं, पण घेणाऱ्याला काय ठाऊक? म्हणून मुखत्याराला पोच घेऊन स्पीड पोस्टानं नोटीस, शिवाय व्हॉट्सअॅपवर. बँक, तलाठी, दुय्यम निबंधक, सोसायटी, भाडेकरू यांना प्रत. आणि सोलापुरात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात जाहीर सूचना. आम्ही 'संचार'मध्ये दिली. ते कात्रण जपून ठेवा, कोर्टात लागतं.

मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना 'कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारा हयात आहे' असं घोषणापत्र मुखत्याराला द्यावं लागतं. रद्द झाल्याची नोटीस मिळाल्यानंतर त्यानं ते दिलं असेल, तर ते खोटं विधान आहे. त्याची नक्कल काढा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गट क्रमांक टाकून आणखी कुठला दस्त झालाय का ते तपासा. ते मोफत आहे. सातबारावर फेरफार पडायला आला असेल तर नोटिशीनंतर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. शहरातली जागा असेल तर नगर भूमापन कार्यालयात. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर कुणी मालक झालो म्हणत असेल तर घाबरू नका. मुखत्यारपत्रानं स्थावराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागितल्यावर हिशेब देणं मुखत्याराचं कर्तव्य आहे. तोही लेखी मागा. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, म्हणजे विश्वासघात, आणि ३१८, फसवणूक. दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा आणि मनाई हुकूम. दस्त रद्द करण्याची मुदत कळल्यापासून तीन वर्षं, पण थांबू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००. स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ज्येष्ठांसाठी १४५६७.

स्मृती जाऊ लागलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे जरूर वाचा. आपल्याकडे माणूस मनानं असमर्थ झाला किंवा वारला की मुखत्यारपत्र संपतं. तरी ते वापरलं जात असेल तर डॉक्टरांचा दाखला घेऊन लगेच बँकेला कळवा. पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

आत्याचं मन सगळ्यात जास्त कशानं दुखलं? "मी त्याला कडेवर घेऊन गड्ड्याला न्यायची गं," एवढंच ती म्हणाली. गड्डा म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. तिला दोष देऊ नका, तक्रार मागे घ्यायला लावू नका, आणि ती कोर्टात जाताना बरोबर जा.

मनाई हुकूम मिळाला आहे. सातबारावर अजून तिचंच नाव आहे. ठेवीचे पैसे आलेले नाहीत. हिशेबाच्या दाव्याची पुढची तारीख जानेवारीत यात्रेनंतरची आहे, आणि त्या दिवशी मी तिच्याबरोबर असेन.