पडदे नवे होते की जुने? डिमेन्शियाच्या टेस्टिंगला नव्याने येणाऱ्यांसाठी

क्लिनिकल सायकॉलॉजी करताय आणि न्यूरोची पोस्टिंग लागलीये, तर माझी एक चूक आधी ऐकून घ्या.

पहिल्याच महिन्यात एक काका आले, वय ५८. तारीख, वार, शंभरातून सात वजा करत जाणं, सगळं बरोबर, एमएमएसईला (आठवण, लक्ष वगैरे बघणारी छोटी टेस्ट) ३० पैकी २८. मी मनात म्हटलं, नॉर्मलच आहेत की. शेजारी काकू रडत होत्या आणि काकांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "डब्यात काय आणलंयस?" हे मी लिहूनसुद्धा घेतलं नाही! खरी केस तिथेच होती.

निघाला एफटीडी, म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, त्यातला वागणं बदलणारा प्रकार. अल्झायमरमध्ये सहसा आधी आठवण जाते, इथे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजतो आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे उमगणंच जातं, आणि हे बऱ्याचदा पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान सुरू होतं त्यामुळे घरच्यांना वाटतं माणूस स्वार्थी झाला. २०११ च्या निकषांतल्या सहा लक्षणांमध्ये सहानुभूती हरवणं हे एक आहे, सहापैकी तीन दिसली की शंका घ्यायची.

नंतर माझ्या सुपरवायझर मॅडमनी त्यांना 'फॉ पा' (नकळत बोलू नये ते बोलून जाणं) टेस्टमधली गोष्ट मराठीत सांगितली. एकीने नव्या घरात नवे पडदे लावलेत, मैत्रीण येऊन म्हणते, "शी, काय पडदे आहेत, बदलून टाक." कुणी बोलू नये ते बोललं का? काका म्हणाले, "नाही. वाईट होते म्हणून सांगितलं, बरंच केलं." मग मॅडमनी विचारलं, पडदे नवे होते की जुने? "नवे." म्हणजे गोष्ट पूर्ण लक्षात होती, फक्त पडदे लावणारीला काय वाटलं असेल हे पोचलंच नव्हतं. हा दुसरा प्रश्न कधीच गाळू नका. अल्झायमरचा पेशंट पुष्कळदा इथेच अडकतो, तेव्हा दोष आठवणीचा असू शकतो.

डोळ्यांचे ३६ फोटो दाखवून भावना ओळखायची टेस्टही आहे, पण त्यातले शब्द मराठीत आणताना फार घसरतात, नुसत्या त्या स्कोअरवर रिपोर्ट लिहू नका. पार्किन्सन, हंटिंग्टन या मेंदूच्या आजारांमध्येही दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची समज कमी होऊ शकते, तिथेही विचारत जा.

आणि घरच्यांशी वेगळं बसून बोला, पेशंटसमोर ते सांगत नाहीत. "काय विसरतात" एवढ्यावर थांबू नका, "तुम्ही आजारी पडलात तर काय करतात" हे विचारा. काकू म्हणाल्या, मी तापात पडले होते तर हे उशाशी येऊन चहा मागत होते. मग बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मुद्दाम नाही करत ना हे?" मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, तेवढं एका कागदावर मराठीत लिहून द्या, मुलाला दाखवायचंय.