बी-स्कूलचे आंतरराष्ट्रीय मानांकन प्रवेशापूर्वी कसे तपासावे

एमबीएच्या प्रवेश परीक्षांचे निकाल लागले, की ताथवडे, बाणेर, लवळे, विमाननगर अशा पुण्याच्या चहूबाजूंना पसरलेल्या व्यवस्थापन संस्थांच्या माहितीपुस्तिका आणि फोन सुरू होतात, आणि ‘आंतरराष्ट्रीय मानांकनप्राप्त’ हे शब्द त्यांत हमखास असतात. फी भरण्यासाठी ज्या घरात शैक्षणिक कर्ज काढावे लागणार आहे, त्या घराने तरी या शब्दांमागे नेमके काय आहे हे पाहिल्याशिवाय सही करू नये. यातील बरेचसे काम घरबसल्या होते. उरलेल्यासाठी संस्थेत एक फेरी पुरेशी असते, फक्त काय विचारायचे ते ठाऊक हवे.

सर्वप्रथम परवानगी आणि मानांकन या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची मान्यता ही अभ्यासक्रम चालवण्याची आणि ठरावीक जागा भरण्याची परवानगी असते. ती असणे ही गुणवत्तेची पावती नव्हे. नॅक आणि एनबीए या शिक्षणाची गुणवत्ता तपासणाऱ्या दोन्ही भारतीय यंत्रणा १९९४ साली सुरू झाल्या. नॅक संपूर्ण महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे मूल्यांकन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे. एनबीएमुळे २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या पदव्यांना मान्यता देण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सदस्य झाला हे खरे असले, तरी तो करार अभियांत्रिकीच्या पदव्यांपुरता आहे. एमबीएच्या पानावर त्याचा उल्लेख दिसला, तर तो शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून उसना आणलेला आहे असे समजावे. केंद्र सरकारची एनआयआरएफ किंवा एखाद्या मासिकाची यादी ही क्रमवारी असते. क्रमवारीत संस्थांची एकमेकींशी तुलना होते, तर मानांकनात संस्थेची तुलना ठरलेल्या निकषांशी आणि तिने स्वतःच जाहीर केलेल्या उद्दिष्टांशी होते.

आंतरराष्ट्रीय म्हणून जी मानांकने व्यवस्थापन शिक्षणात मानली जातात, ती मुख्यतः तीन आहेत. अमेरिकेतील एएसीएसबी ही संघटना १९१६ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले निकष १९१९ साली आले. लंडनची ॲम्बा १९६७ पासूनची आहे. ब्रुसेल्सच्या ईएफएमडी या संस्थेने १९९७ साली इक्विस ही पद्धत सुरू केली. तिन्ही मानांकने असलेल्या संस्थेला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात, आणि जगभरात अशा संस्था एकूण बी-स्कूलच्या सुमारे एक टक्काच आहेत. भारतात इक्विस प्रथम २००८ साली आयआयएम अहमदाबादला मिळाले, तर एएसीएसबीचे मानांकन प्रथम २०११ साली हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसला. यांपैकी कोणतीही संघटना सरकारी नाही आणि भारतात पदवी वैध ठरण्यासाठी यांच्या शिक्क्याची गरज नाही. संस्था स्वतःहून अर्ज करतात, त्यासाठी मोठे शुल्क भरतात आणि काही वर्षे स्वतःची झाडाझडती घेऊ देतात.

तपासणीची सुरुवात नावापासून करावी. तिन्ही संघटना मानांकित संस्थांची यादी आपापल्या संकेतस्थळावर ठेवतात. माहितीपुस्तिका बाजूला ठेवून त्या यादीत संस्थेचे पूर्ण नाव शोधावे. सर्वांत जास्त फसगत येथेच होते, कारण सदस्यत्व आणि मानांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एएसीएसबी आणि ईएफएमडी या दोन्ही सदस्य संघटना आहेत. वर्गणी भरून सदस्य झालेल्या संस्थेच्या पानावर त्यांचे नाव दिसू शकते, पण सदस्य होताना वर्गात काय शिकवले जाते हे पाहायला कोणी येत नाही. ‘मानांकनाच्या प्रक्रियेत’ असा शब्दप्रयोग असेल, तर प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे हे लेखी विचारावे: पात्रतेचा अर्ज स्वीकारला गेला आहे का, स्वयंमूल्यमापन अहवाल सादर झाला आहे का, समितीची भेट ठरली आहे का. पात्रता मान्य होणे म्हणजे दारातून आत येऊ देणे. तेथून पुढे वाट लांब असते आणि सगळेच ती पुरी करत नाहीत.

नाव सापडले, तर ते नेमके कोणाचे आहे हे पाहावे. पुण्यात एकाच शिक्षणसंस्थेच्या छत्राखाली अनेक महाविद्यालये असतात, त्यांची नावे एकमेकांशी मिळतीजुळती असतात आणि आवारही बहुधा एकच असते. एएसीएसबीचे मानांकन ज्या व्यवस्थापन विद्याशाखेने किंवा संस्थेने अर्ज केला तिच्यापुरते असते; इक्विसही संस्थेला मिळते. ॲम्बा मात्र अभ्यासक्रम पाहते, आणि तिच्या एमबीएच्या निकषांत प्रवेशापूर्वी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव अपेक्षित असतो. बी.कॉम. किंवा बी.ई. होऊन थेट एमबीएला येणारी मुले आपल्याकडे भरपूर असल्याने ही अट महत्त्वाची ठरते. अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ॲम्बाचे वेगळे मानांकन आहे. म्हणून ‘आमच्याकडे ॲम्बा आहे’ एवढ्यावर न थांबता, आपला मुलगा किंवा मुलगी ज्या अभ्यासक्रमाला बसणार आहे, त्याचे नाव त्या पत्रात आहे का, हे पाहावे. मुदतही विचारावी. इक्विस तीन किंवा पाच वर्षांसाठी दिले जाते, आणि तीन वर्षांचे मिळाले असेल, तर समितीने काही सुधारणा सुचवून त्यांचा वार्षिक प्रगती अहवाल मागितलेला असतो. त्यात लाजिरवाणे काही नाही. पण त्या सुधारणा कोणत्या होत्या, हे सांगायला संस्था का कू करत असेल, तर ते ध्यानात ठेवावे.

हे मानांकन गुणवत्तेची हमी देते म्हणजे नेमके काय करते, हे समजून घेतले, तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. एएसीएसबीच्या २०२० च्या निकषांत ‘शिकणे झाले याची खातरजमा’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, एका संस्थेने असे ठरवले, की पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला अपुऱ्या माहितीवरून निर्णय घेता आला पाहिजे आणि तो लेखी मांडताही आला पाहिजे. मग तिसऱ्या सत्रात सर्वांना एक प्रकरण दिले जाते: चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखानदाराला मोठ्या वाहन कंपनीकडून वाढीव मागणी येण्याची शक्यता आहे, त्याने कर्ज काढून नवी प्रेस लाइन बसवावी का? उत्तरे आधीच ठरवलेल्या मोजपट्टीवर तपासली जातात, आणि त्यासाठी तो विषय न शिकवणारा प्राध्यापकही बसवता येतो. निष्कर्ष असा निघतो, की बहुतेकांना परतफेडीचे गणित येते, पण मागणी आलीच नाही तर काय, हे गृहीतक कोणी मांडतच नाही. मग पहिल्या सत्रातील लेखाशास्त्राच्या आणि व्यावसायिक संवादाच्या शिक्षकांनी एकत्र बसून एक नवा स्वाध्याय घालायचा, आणि पुढच्या तुकडीची तीच क्षमता पुन्हा मोजायची. हे चक्र पूर्ण झाल्याची कागदपत्रे भेटीला आलेली समिती मागते.

विषयाच्या गुणपत्रिकेवर हे काम भागत नाही, कारण विषयाच्या गुणांत हजेरी, पाठांतर, सादरीकरण असे सगळे एकत्र मिसळलेले असते. नेमकी कोणती क्षमता कच्ची राहिली हे त्यावरून कळत नाही. शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेला अभिप्राय उपयोगी असतो, पण त्यातून विद्यार्थ्यांना काय वाटले ते कळते, त्यांना काय आले ते नव्हे. निकषांत प्रत्यक्ष (विद्यार्थ्यांचे काम तपासून) आणि अप्रत्यक्ष (अभिप्राय विचारून) अशा दोन्ही प्रकारच्या मोजमापांची अपेक्षा आहे ती म्हणूनच.

दुसरा भाग शिक्षकांचा. तासिका तत्त्वावर शिकवून जाणारे प्राध्यापक आणि शनिवारी हिंजवडीतून येणारे अनुभवी व्यवस्थापक यांच्यावर आपल्याकडील अनेक संस्था चालतात. एएसीएसबी त्यांना नाकारत नाही, किंबहुना उद्योगातून आलेल्या शिक्षकांसाठी तिच्याकडे स्वतंत्र वर्ग आहेत. पण संस्थेच्या कारभारात, अभ्यासक्रमाच्या रचनेत आणि विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनात सहभागी असणाऱ्या शिक्षकांनीच एकूण अध्यापनाचा सुमारे ७५ टक्के आणि वित्त, विपणन अशा प्रत्येक विषयशाखेत किमान ६० टक्के भाग सांभाळावा, अशी २०२० च्या निकषांतील अपेक्षा आहे. शिवाय साधारण ४० टक्के शिक्षक संशोधनात सक्रिय असलेले आणि एकूण ९० टक्के शिक्षक कोणत्या ना कोणत्या मान्य वर्गात पात्र ठरणारे हवेत. पात्रता एकदा पीएच.डी. मिळाली म्हणून कायम राहत नाही. अलीकडच्या वर्षांत काय लिहिले, कोणत्या उद्योगाशी काम केले, हे दाखवावे लागते.

संशोधनाच्या या अटीचा एक तोटाही आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. आकडा भरण्यासाठी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत लेख टाकण्याचा मोह वाढतो. विश्वासार्ह नियतकालिकांच्या छाननीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केअर यादीची योजना आखली, तिचा कक्ष आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली. त्यामुळे प्राध्यापकांच्या लेखांची संख्या ऐकून भारावून न जाता, दोन-तीन लेख उघडून पाहणे बरे.

समितीची भेट हा प्रकार नॅकच्या भेटीची तयारी पाहिलेल्यांना ओळखीचा वाटेल: रंगरंगोटी, फायली, नवे फलक. फरक एवढाच, की येथे येणारे लोक बहुतांशी इतर बी-स्कूलचे अधिष्ठाता असतात आणि इक्विसच्या समितीत उद्योगातील व्यक्तीही असते. ते विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे भेटतात आणि अहवालात लिहिलेले त्यांच्या तोंडून खरे निघते का हे पाहतात. अंतिम निर्णय ही समिती नव्हे, तर मानांकन मंडळ घेते.

संस्थेत प्रत्यक्ष गेल्यावर प्रवेश कक्षातील समुपदेशकाशी बोलणे लवकर आटोपते घ्यावे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठावे. पहिल्या वर्षी किती विषय पूर्णवेळ प्राध्यापकांनी शिकवले, तुमच्या आधीच्या तुकडीने केलेल्या तक्रारीमुळे काही बदलले का, प्रकल्पाची तपासणी कोण करते, असे विचारावे. मानांकनाच्या जबाबदारीवर असलेल्या प्राध्यापकांना भेटता आले, तर एकच गोष्ट दाखवायला सांगावी: गेल्या दोन-तीन वर्षांत मोजमापातून पुढे आलेली एक उणीव आणि त्यामुळे अभ्यासक्रमात झालेला बदल. यंत्रणा खरोखर चालू असेल, तर असे प्राध्यापक उत्साहाने सांगत बसतात आणि आपल्यालाच निघायला उशीर होतो.

नोकरी आणि पगार यांची हमी मात्र यातील कोणतेच मानांकन देत नाही. एएसीएसबी विद्यार्थ्यांच्या पुढील वाटचालीची माहिती जाहीर करायला लावते, तेव्हा ती मागावी, आणि सरासरी पगाराऐवजी मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो) व नोकरी न मिळालेल्यांची संख्या पाहावी. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या एमबीए क्रमवारीत भाग घेण्यासाठी एएसीएसबी किंवा इक्विस लागते, त्यामुळे परदेशात पुढे शिकायचे किंवा काम करायचे असेल, तर अशा नावाचा उपयोग होतो. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या मध्यम कारखान्यात नोकरी करायची असेल, तर मुलाखत घेणाऱ्याने या संघटनांचे नावही ऐकलेले नसण्याची शक्यता बरीच आहे, आणि केवळ त्या शिक्क्यापायी जास्त फी भरण्याचे कारण मला दिसत नाही.

विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुसंख्य महाविद्यालयांकडे यांपैकी काहीच नसते. त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, म्हणून वर सांगितलेले मोजण्याचे आणि बदलण्याचे चक्र पूर्णपणे त्यांच्या हाती नसते. अंतर्गत मूल्यमापन मात्र त्यांच्याच हाती असते. तेव्हा अशा महाविद्यालयात गेल्या वर्षीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे प्रश्न आणि तपासून परत दिलेली एक-दोन उत्तरे पाहायला मागावीत, आणि त्यांवर लाल शाईने नुसते गुण आहेत की दोन ओळींचा शेराही आहे, हे पाहावे.