भिंतीवर मराठी ओळ लिहायचीय? आधी हे बघून घ्या

शाळेचं कंपाउंड असो, वाचनालयाची भिंत असो, मालकाची परवानगी लेखी घ्या आणि पंचायतीत किंवा पालिकेतही विचारा, कारण गोव्यात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९८८ चा कायदा आहे. कविता घेणार असाल तर कवी जाऊन ६० वर्षं झालीत का बघा, नसतील तर वारसांना विचारा. अभंग, म्हणी बिनधास्त घ्या.

ओळ छोटीच हवी. जेनी होल्झर या अमेरिकन कलाकार बाईने १९८२ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दिव्यांच्या बोर्डावर एकेक वाक्य झळकवलं होतं, तेवढं पुरतं. ४० च्या स्पीडने स्कूटर सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणून चार-पाच शब्द बास.

आता अक्षरं, खरी मेहनत इथेच आहे. वाचणारा भिंतीपासून जितका लांब, त्यातल्या दर १० फुटांना किमान १ इंच उंची लागते, मी तर दुप्पट धरतो. पण देवनागरीत नुसती अक्षराची उंची मोजून चालत नाही, वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात, म्हणून १२ इंची अक्षराला वर-खाली ५-६ इंच मोकळे सोडाच, नाहीतर दोन ओळी असल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो आणि वाचणारा तिथेच अडखळतो. शिरोरेघेसाठी गेरूत बुडवलेली दोरी ताणून मारा.

मग खाका. कागदावर अक्षरं काढून कडेने जाड सुईने भोकं पाडा, कागद भिंतीला चिकटवा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटा, घासू नका, घासलं की टिंबं फिसकटतात. टिंबं खडूने जोडली की रस्त्यापलीकडे जा आणि ओळ माहीत नसलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्या, अडखळला तर रंग लावायच्या आधीच दुरुस्त करा.

काम दिवाळीनंतर काढा, आपल्याकडे पाऊस वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग प्रायमर आणि एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात. नवं प्लॅस्टर असेल तर महिनाभर थांबा. रंग मला विचाराल तर पांढऱ्यावर तांबडा, आपल्या जुन्या देवळांतल्या कावी कलेसारखा, आणि रेड ऑक्साइड उन्हात सहसा उडत नाही. ओळ जमिनीपासून ३-४ फूट वर ठेवा, पावसाच्या शिंतोड्यांनी खालचाच रंग आधी जातो.