मामांचा सात नंबर, माझा नऊ नंबर

गोल्फच्या क्लबांचा (चेंडू मारायच्या काठ्यांचा) नवीन सेट घेतला त्या आठवड्यात मी मामांना फुशारकीने सांगितलं, "सात नंबरने दीडशे यार्ड मारतोय." मामा अजून सत्तरच्या दशकातले फोर्ज्ड ब्लेड (ठोकून घडवलेले, पातळ डोक्याचे क्लब) वापरतात. त्यांनी माझा क्लब घेतला, डोळ्यासमोर तिरपा धरून पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा सात नंबर कुठला? हा तर माझा पाच नंबर. आकडा तेवढा बदललाय."

राग आला. घरी येऊन दोन्ही सेट मोजले, तेव्हा कळलं की मामांनी मला सांभाळूनच घेतलं होतं. माझ्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा तिरपेपणा, 29 अंश निघाला, त्यांच्या पाच नंबरचा 31! (लॉफ्ट जितका कमी, तितका चेंडू खालून आणि लांब जातो.)

तुमच्याकडेही जुना-नवा संच असेल, किंवा सेट बदलायचा विचार असेल, तर आधी मोजून घ्या. कसं ते सांगतो.

सुतारकामात वापरतात तसला चुंबक लावलेला डिजिटल कोनमापक घ्या. सपाट फरशीवर ठेवून तो शून्यावर आणा. मग क्लब खेळताना टेकवतो तसा फरशीवर टेकवा आणि शाफ्ट (दांडा) खुर्चीच्या पाठीला फडक्याने घट्ट बांधा. दोन गोष्टींकडे लक्ष द्यायचं. फेसवरच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या) खाचा फरशीला समांतर हव्यात. आणि खेळाडूच्या समोर उभं राहून पाहिलं तर शाफ्ट डावी-उजवीकडे झुकलेला नको. सवयीने आपण हात पुढे ढकलतो, तेवढ्यानेच दोन-तीन अंश उडून जातात. आता कोनमापक फेसवर खाचांना काटकोनात टेकवा. 61 दाखवलं तर 90 मधून वजा करा, लॉफ्ट 29. प्रत्येक क्लब तीनदा मोजा. घरगुती मापात अंशभर चूक राहतेच, पण सगळे क्लब एकाच पद्धतीने मोजले तर दोन क्लबांमधला फरक बऱ्यापैकी बरोबर येतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

माझ्या वहीतले आकडे असे आहेत. मामांचे पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (नऊ नंबरनंतरचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) 31, 35, 39, 43, 47, 51. सगळीकडे चाराचं अंतर, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. माझे 22.5, 25.5, 29, 33.5, 38.5, 43.5. म्हणजे त्यांचा सात नंबर तो माझा नऊ नंबर, आणि माझा पिचिंग वेज म्हणजे जवळजवळ त्यांचा आठ नंबर. मैदानावर दोन्ही मारून पाहिले. माझ्या नऊ नंबरचा कॅरी (चेंडूने हवेतून कापलेलं अंतर) 131 यार्ड, त्यांच्या सात नंबरचा 128. दीडशेचा माज तिथेच उतरला.

हे एका रात्रीत झालेलं नाही. मुळात क्लबांना आकडेच नव्हते. मॅशी, निब्लिक, मॅशी-निब्लिक अशी नावं होती आणि एका कारागिराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीसारखी असेलच असं नव्हतं. स्टीलच्या शाफ्टला अमेरिकेत 1924 मध्ये आणि आर अँड ए (गोल्फचे नियम करणारी ब्रिटनमधली संस्था) कडून 1929 मध्ये परवानगी मिळाली, कारखान्यातून जुळवलेले सेट येऊ लागले आणि तिसाच्या दशकात आकडे रुळले. अमेरिकेत 1938 मध्ये बॅगेत चौदाच क्लब ठेवण्याचा नियम आला, आर अँड ए ने पुढच्या वर्षी तो घेतला. मात्र सात नंबर किती अंशांचा असावा, हे नियमात आजही कुठे नाही. लॉफ्टवर मर्यादा आहे ती पटरला (चेंडू भोकात ढकलायच्या क्लबला), 10 अंशांची. बाकी तळावर काय कोरायचं ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून सत्तरच्या दशकात 38 ते 40 अंशांच्या आसपास असलेला सात नंबर नव्वदच्या दशकात 34 ते 36 वर आला आणि आज सोप्या, मोठ्या डोक्याच्या सेटमध्ये 27 ते 30 वर. कुशल खेळाडूंचे ब्लेड मात्र अजून 33 ते 35 च्या घरात आहेत.

मामा याला सरळ फसवणूक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. गिऱ्हाईक दुकानात सात नंबर मारून पाहतं आणि जो लांब जातो तो घेतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पण आजच्या डोक्यात वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, कधी तळाशी टंगस्टन भरलेलं असतं, फेस पातळ असतो. अशा डोक्यावरून चेंडू आपोआप उंच उडतो. त्याला 39 अंश दिले तर चेंडू आभाळात जाईल आणि अलीकडेच पडेल. मामांचा 31 अंशांचा पाच नंबर माझ्याकडून धड उचलला जात नाही, खरवडत जातो. माझा 29 अंशांचा सात नंबर मात्र झाडाच्या शेंड्यावरून जातो. आकड्याबरोबर डोकंही बदललंय, एवढं मामांनी मान्य करायला हवं. (अजून केलेलं नाही.)

म्हणून लॉफ्टचा आकडा वाचून सेट वाईट ठरवू नका. चेंडू उतरतो कसा ते बघा. लॉंच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि कोन मोजणारं यंत्र) मिळाला तर उतरण्याचा कोन पाहा. सात नंबरला तो 45 अंशांच्या आसपास किंवा वर हवा. नसेल तर ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) जाऊन चेंडूने पाडलेला खड्डा शोधा. खड्डा खोल आणि चेंडू चार-पाच पावलांत थांबलेला असेल तर ठीक. नुसता ओरखडा आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे, असं वारंवार होत असेल तर तुमच्या स्विंगच्या वेगाला तो लॉफ्ट कमी पडतोय. वेग कमी असणाऱ्यांनी जादा लॉफ्टचा सेट घ्यावा. लांबी गेल्यासारखी वाटते, पण ग्रीन सापडतं.

पुढचा प्रश्न दोन टोकांचा. माझ्या पाच आणि सहा नंबरात तीनच अंशांचा फरक आहे. मोजून वीस-वीस चेंडू मारले तेव्हा दोन्ही क्लब एकाच ठिकाणी चेंडू टाकत होते. मी पाच नंबर काढून हायब्रिड (जाड, गोलसर डोक्याचा क्लब) घेतला. लॉफ्ट जवळपास तेवढाच, पण चेंडू उंच जातो आणि थांबतो.

खालच्या टोकाला उलटा घोळ. माझा पिचिंग वेज 43.5 आणि सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) 56. मधे साडेबारा अंशांची दरी, आणि नेमके नव्वद-शंभर यार्डांचे फटके त्यात गडप. मामांच्या सेटमध्ये 51 वरून 56 वर एका पायरीत उतरता येतं, म्हणून त्यांना गॅप वेज (या दोन वेजांच्या मधला क्लब) ही भानगडच माहीत नाही. तुमच्या पिचिंग वेजचा अंश धरा आणि तिथून पाच-पाच, फार तर सहा अंश वाढवत जा. मी 56 काढून 49 आणि 54 घेतले. साठचा वेज घेतला नाही; माझ्या हातात तो ग्रीनच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे चेंडू पाडतो, ग्रीन सोडून.

ही दरी मी आधी स्वस्तात बुजवायला गेलो होतो. 49 घेण्याऐवजी एका दुकानात 54 चा वेज वाकवून 51 करून घेतला. लॉफ्ट जितका कमी कराल तितकाच बाउन्सही (तळ जमिनीत रुतू नये म्हणून त्याला दिलेला उतार) कमी होतो, हे कुणी सांगितलं नाही. 8 अंशांचा बाउन्स 5 वर आला आणि क्लब ओल्या मातीत कुदळीसारखा घुसायला लागला. वाकवायचंच तर फोर्ज्ड मऊ लोखंड एक-दोन अंश वाकवा. ओतीव स्टेनलेस स्टीलला तडा जाऊ शकतो, पोकळ डोक्याच्या वाटेला तर जाऊच नका.

ड्रायव्हरची (सगळ्यात लांब मारायच्या क्लबची) गोष्ट उलटी आहे, थोडक्यात सांगतो. जुना दोरे गुंडाळलेला चेंडू फार फिरायचा, म्हणून चांगले खेळाडू कमी लॉफ्ट घ्यायचे. 2000 नंतर भरीव गाभ्याचे कमी फिरणारे चेंडू सगळीकडे पसरले आणि ड्रायव्हरचा लॉफ्ट वाढवणं फायद्याचं ठरू लागलं. 9 चा ड्रायव्हर मिरवणाऱ्या हौशी खेळाडूने एकदा साडेदहाचा किंवा बाराचा मारून पाहावा.

वापरलेला सेट घेत असाल तर कोनमापक खिशात ठेवूनच जा. एकाच मॉडेलचे कमी-जास्त लॉफ्टचे पर्याय निघतात, आणि आधीच्या मालकाने काय वाकवलंय ते तळावरच्या आकड्यावरून कळत नाही. लागोपाठच्या दोन क्लबांत एकीकडे दोन आणि पुढे सात अंशांचा फरक आला तर किंमत करण्याआधी तेवढे दोन क्लब पुन्हा मोजा. मी माझ्या सगळ्या आयर्नच्या (नंबरवाल्या क्लबांच्या) मागे चिकटपट्टी लावून त्यावर अंश लिहिलेत. परवा मामांनी बॅगेतून माझा नऊ नंबर उचलला, चिकटपट्टी वाचली, "हं, सात नंबर," म्हणाले आणि चेंडू झेंड्याजवळ टाकला.