९ डिसेंबर : ‘खुकरी’चा स्मृतिदिन आपल्या गावात कसा पाळावा

४ डिसेंबरचा नौदल दिन आपण उत्साहाने साजरा करतो, कारण १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर यशस्वी हल्ला चढवला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने पाणतीर सोडून ‘आयएनएस खुकरी’ बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक समुद्रात गेले. सोयीसाठी हे दोन दिवस एकाच कार्यक्रमात उरकू नयेत. पहिला विजयाचा आहे, दुसरा शोकाचा. तेव्हा ९ डिसेंबरला ढोलताशे, फटाके आणि सत्कार कटाक्षाने टाळावेत.

तयारीला दोन महिने आधी लागावे, कारण खरे काम नावांचे आहे. आपल्या तालुक्यातील कोणी त्या जहाजावर होते का, याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि गावातील माजी सैनिकांकडे करावी. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्याशी आपली यादी ताडून पाहावी. कुटुंबीय सापडल्यास आधी घरी जाऊन भेटावे, नावाचा उच्चार त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावा आणि व्यासपीठावर येण्याचा आग्रह धरू नये.

कार्यक्रमाचा गाभा म्हणजे सर्व १९४ नावांचे वाचन. प्रत्येक नावाला चार सेकंद धरले तरी तेरा मिनिटे पुरतात, म्हणून ‘वेळेअभावी’ निवडक नावे वाचण्याचे काही कारण उरत नाही. जहाज न सोडणारे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले आणि त्यांची कथा सांगायलाच हवी. परंतु इंजिनखोलीत अडकलेल्या खलाशाचे नावही तितक्याच सावकाश उच्चारले गेले पाहिजे. हुद्द्याऐवजी वर्णानुक्रम ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

वाचनापूर्वी दहा मिनिटे नकाशा लावून प्रसंग समजावून सांगावा आणि त्यात काही झाकू नये : पाणबुडीचा माग काढायला निघालेल्या ‘खुकरी’चे सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालची पाणबुडी शोधणारे यंत्र, जुने होते, आणि ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची नवी पाणबुडी तिला अधिक दुरून टिपू शकत होती. विद्यार्थ्यांना हे कळले, तर त्या खलाशांच्या धैर्याची किंमत अधिक उमगते.

समुद्रात पुष्पांजली वाहायची असल्यास बंदर अधिकारी व सागरी पोलीस यांची लेखी परवानगी घ्यावी. वेळ मात्र गावातील तांडेलाला (मासेमारी नौकेच्या प्रमुखाला) विचारून सूर्यास्तापूर्वीच्या ओहोटीची ठरवावी, म्हणजे फुले परत किनाऱ्याला लागत नाहीत. हारांत तार, थर्मोकोल किंवा प्लास्टिक नसावे.

शक्य असल्यास शाळेची सहल दीवला न्यावी. तिथे समुद्राकडे तोंड करून उभे असलेले ‘खुकरी’चे स्मारक आहे, आणि माझगाव गोदीत बांधलेली, २०२१ मध्ये निवृत्त झालेली त्याच नावाची दुसरी युद्धनौकाही २०२२ मध्ये दीव प्रशासनाकडे सोपवण्यात आली.

कार्यक्रमानंतर नावांची यादी, उच्चारांच्या खुणांसह, शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या वाचकाचे नाव त्याच दिवशी तिच्यावर लिहावे.